बारा कार्डं, बावीस बंडलं

कॉलर विभागात बारा बायका होत्या, आणि दिवस संपताना प्रत्येकीच्या कार्डावर बावीस तिकिटं चिकटवलेली असायची. एकवीस नाही, तेवीस नाही. सोमवारी बावीस, मंगळवारी बावीस. एका बुधवारी दोन तास वीज गेली, त्या दिवशी बाराही जणींची सतरा.

एका बंडलात वीस कॉलर. बंडल शिवून झालं की त्यावरचं तिकीट फाडायचं आणि आपल्या कार्डावर चिकटवायचं, एवढी साधी पद्धत. मी एकेचाळीस दिवसांची कार्डं घेऊन बसले आणि प्रत्येक दिवसाचं प्रमाण विचलन, म्हणजे बारा आकड्यांतली तफावत, काढलं. शून्य आलं. पुढच्या दिवसाचंही शून्य. आधी मला कॅल्क्युलेटरचा संशय आला, मग माझ्या एम.एस्सी.चा. एकाच झाडाची बारा लिंबं तोलली तरी वजनं सारखी भरत नाहीत. इथे बारा वेगवेगळ्या वयांच्या बायका एकेचाळीस दिवस एकमेकींच्या बरोबरीने शिवत होत्या.

घाटंजी रस्त्यावरच्या या शर्टांच्या कारखान्यात मला नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. माझ्या विभागाचं नाव ‘कार्य-अभ्यास विभाग’. त्यात एक टेबल, एक स्टॉपवॉच आणि मी. आमचे शर्ट युरोपातल्या एका कंपनीकडे जात. ती कंपनी खरं तर शर्ट विकत घेत नाही, मिनिटं घेते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. एक शर्ट शिवायला इतकी मिनिटं, एका मिनिटाचा दर इतका. दर तिकडे ठरतो. आमच्या हातात फक्त मिनिटं.

“मिनिट सगळीकडे साठ सेकंदांचंच, सुरभी, पण किंमत वेगळी,” मॅनेजर इंद्रजित सर म्हणाले होते. “आपल्याकडे स्वस्त मिळतं म्हणून ते आले. दुसऱ्या देशात अजून स्वस्त मिळालं की जातील. कापड वाढलं, वीज वाढली, त्यांचा दर तीन वर्षं आहे तिथेच. आणि आता म्हणतात, थोडा कमी करा. मी कुठून कमी करू?”

ते कुठून कमी करत होते, हे कोणत्याही फलकावर लिहिलेलं नव्हतं. महिनाअखेरीला प्रत्येक विभागात जिची तिकिटं सगळ्यांत कमी, तिला फोन जायचा: पुढच्या महिन्यापासून येऊ नका, गरज पडली की बोलावू. ऑफिसात याला ‘विश्रांती यादी’ म्हणत. तीन महिन्यांत कफ विभागातल्या तिघी विश्रांतीला गेल्या, खिसा विभागातल्या तिघी. त्यांचं काम उरलेल्यांत वाटलं गेलं. कॉलर विभागातली एकही गेली नव्हती, कारण तिथे सगळ्यांत कमी असं कोणी नव्हतंच.

“शोध,” सर म्हणाले. “बारा जणींत एक तरी मागे असणारच. तुझ्यासारखी शिकलेली मुलगी यासाठीच घेतलीय.”

मला प्रश्न आवडला, हे मान्य केलं पाहिजे. त्याचं उत्तर म्हणजे एका बाईचं नाव असेल, हे मात्र मी तेव्हा नीट लक्षात घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टॉपवॉच घेऊन लाइनीत उभी राहिले. पहिल्या मशीनवर तानाबाई, पन्नाशीच्या, हातावर गोंदण. कारखाना यायच्या आधी त्या निंदणाच्या टोळीच्या मुकादमीण होत्या, आणि अजूनही बाकीच्या अकरा त्यांच्याकडे बघूनच पाणी प्यायला उठत. मधे पायल, बावीस वर्षांची. तिचे हात दिसत नाहीत, फक्त कॉलर सरकताना दिसते. सगळ्यांत शेवटी, खांबाच्या मागे, मथुराबाई.

तानाबाईंना एका कॉलरला पासष्ट सेकंद लागले. मैनाबाईंना पासष्ट. शीलाला सहासष्ट. पायललाही पासष्ट, पण तेवढ्यात तिने एकदा जांभई दिली आणि दोनदा केस मागे घेतले.

मग मी खांबाकडे वळले. तानाबाई खोकल्या. त्याच क्षणी मैनाबाईंच्या मशीनची सुई तुटली आणि ती स्टोअरमधून मलाच आणावी लागली. परत आले, खांबाकडे गेले, खोकला आला, शीलाला चक्कर आली. चक्कर पाण्याच्या दोन घोटांत बरी झाली. मी वहीत लिहिलं: सात प्रयत्न, सात खोकले, सात अडथळे. मथुराबाईंच्या मशीनपासून पाच पावलांपेक्षा लांब असताना तानाबाईंना एकदाही खोकला आला नव्हता.

“मॅडम,” तानाबाई मशीनवरची नजर न काढता म्हणाल्या, “तुमी आमचा टाइम मोजता. तुमचा कोन मोजते जी?”

“माझा कोणी नाही मोजत.”

“मंग तुमी समोर हाय का मांगं हाय, कसं कयते?”

लाइनीत सगळीकडे माना खाली गेल्या आणि खांदे हलू लागले. मी स्टॉपवॉच शून्यावर आणलं.

निरीक्षक दिसला की निरीक्षण बिघडतं, हे पहिल्या वर्षात शिकवतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्टॉपवॉच टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं, आणि कापडाच्या गोदामातल्या माळ्यावर जाऊन बसले. तिथल्या झरोक्यातून अख्खी लाइन दिसते.

साडेतीनला पायलची बावीस पूर्ण झाली. ती पाणी प्यायला उठली, येताना मथुराबाईंच्या ट्रेमधलं एक बंडल उचललं, आपल्या मशीनवर शिवलं, परत नेऊन ठेवलं. तिकीट मथुराबाईंच्या कार्डावर. थोड्या वेळाने शीला गेली. मग मैनाबाई. ज्यांचं झालं त्या वळत, मागे राहिलेल्यांचं उचलत, आणि सुट्टीच्या भोंग्याआधी बारा कार्डांवर बावीस-बावीस तिकिटं. मी मोजलं. मथुराबाईंनी स्वतः शिवलेली तेरा. बाकीची नऊ दुसऱ्यांची.

उत्तर मिळालं होतं. मला जेवढा आनंद व्हायला हवा होता, तेवढा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन त्यांच्या पंगतीत बसले. “काल मथुराबाईंची नऊ बंडलं दुसऱ्यांनी शिवली,” मी म्हणाले.

सगळ्यांचे घास थांबले. फक्त पायल चावत राहिली. “आठ,” ती म्हणाली. “एक त्याईनं अर्धं केलं होतं. लिहाचं तं बरोबर लिहा नं.”

“चूप व,” तानाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तू पुसदची ना, पोरी? कधी निंदाले गेली?”

मी ‘मॅडम’ची ‘पोरी’ झाले, हे माझ्या लक्षात आलं. “नाही.”

“मंग तुले कोनी सांगतलं नसन. निंदाले बारा बाया गेल्या तं बारा पाती धरतात. एक बाई, पिकाची एक ओय. कोनाचा हात चालते, कोनाचा नाई चालत. आता जिची पात आंधी निंघाली, ते बांधावर जाऊन बसते काय? नाई. ते उलटी फिरते अन मांगं राह्यली तिच्या पातीत घुसते. मंग साऱ्या संगंच बांधावर. मालकाले बांधावर बारा बाया दिसते. शेवटची कोन, ते त्याले कायले पायजे?”

“पण हा कारखाना आहे.”

“हाव नं. वावरात ऊन होतं, इथी पंखा हाय.”

“तोबी माह्यावर येत नाई, खांब हाय मधात,” मथुराबाई म्हणाल्या. त्या तानाबाईंपेक्षा मोठ्या, बारीक, आणि बोलताना भाकरीचा तुकडा हातात हलवत. “अन मले सांग, पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा लावाची अक्कल कोनाची? निया रंगाचा शर्ट येऊ दे एक डाव, मंग ह्या पायलले दाखोतो मी.”

“दाखवाच तुमी,” पायल म्हणाली. “निया शर्ट पुढच्या जन्मी हाय.”

“घरी बसून काय करू?” मथुराबाई मला म्हणाल्या, जणू मी विचारलं होतं. “तिथं मी सुनेच्या हाताखाली. इथी निदान माह्या हाताखाली मशीन हाय.” मग तुकडा खाली ठेवून, “मंग, लिहितं काय माह्यं नाव?”

“अजून आकडेवारी पुरेशी नाही,” मी म्हणाले. “निष्कर्ष काढायला महिना लागेल.”

आकडेवारी भरपूर होती. पण अभ्यासात घाई करू नये, हेही शिकवतात.

महिना मिळाला नाही. चौथ्या दिवशी सरांनी बोलावलं. युरोपातल्या कंपनीकडून तपासणीला माणूस येणार होता. दुसऱ्या एका देशातल्या कारखान्याने कंपनीला खोट्या नोंदी दाखवल्या होत्या, तिकडच्या पेपरात बोभाटा झाला होता, आणि आता कंपनी सगळीकडच्या नोंदी संगणकाला खाऊ घालत होती.

“आपली कार्डं पाठवली तर संगणकानं लाल खूण केली,” सर म्हणाले. “एवढे सारखे आकडे म्हणजे एका जागी बसून लिहिलेले, असं त्यांचं म्हणणं. नोंदी खोट्या ठरल्या तर ऑर्डर गेली. तीनशे लोक घरी.”

“पण सर, आकडे खरे आहेत.”

“खरे असतील! खरे दिसत नाहीत ना!” त्यांनी कपाळ पुसलं. “तू असं कर. नवीन कार्डं बनव. थोडं वर-खाली. कोणाचे चोवीस, कोणाचे एकोणीस. निसर्गात असतं तसं.”

चार सत्रं मी संख्याशास्त्र शिकले, पण खरे आकडे खोटे केल्यावर ते खरे वाटू लागतात, हा धडा कोणत्याच पेपरात नव्हता.

“आणि त्यात जी सगळ्यांत खाली येईल,” सर पेनाला टोपण लावत म्हणाले, “तिला यादीत टाकू. तुझा शोधही संपेल.”

मी हे पंगतीत सांगितलं तेव्हा पायलला ठसका लागला. शीलाने तिच्या पाठीत धपाटे घातले.

“म्हंजे आता खरं हाय ते खोटं दिसते,” मैनाबाई बोटं मोडत हिशोब लावू लागल्या, “अन खोटं लिहिलं का खरं दिसन?”

“हो.”

“अन हे शिकाले तू अमरावतीले गेलती?”

“माह्यं नाव टाका खाली,” पायल म्हणाली. “मले कोनीबी कामावर घेईन.”

“तुह्यं कोन खरं मानन व?” शीला म्हणाली. “साहेबच हासन.”

“मंग चिठ्ठ्या टाका.”

“माह्यंच टाक, पोरी,” मथुराबाई म्हणाल्या. “आकडे खरे दिसाले पायजे नं? ते तं खरंच हाय.”

यावर कोणी हसलं नाही. मथुराबाईंनी डबा बंद केला, झाकण नीट बसलं नाही, परत उघडून बंद केला.

“कोनाचंच नाव नाई,” तानाबाई म्हणाल्या. “हाय तो आकडा राहू दे. ते पाह्याले येनार, ते काय काय पुसते?”

माझ्या पिशवीत तपासणीचा फॉर्म होता. चौऱ्याऐंशी प्रश्न. मी वाचत गेले आणि त्या जेवत राहिल्या. सदतिसाव्या प्रश्नाला तानाबाईंनी हात वर केला. “हा परत वाच.”

“कमी उत्पादन दिल्याच्या कारणाने कामगाराला कामावरून कमी केले जाते का?”

“अन केलं तं?”

“तर नापास. त्यांच्या नियमात ते बसत नाही. बायका कमी करायच्या नाहीत, फक्त दर कमी करायचा.”

“हे कोन भरनार?”

“इंद्रजित सर.”

“भरू दे,” तानाबाई शांतपणे म्हणाल्या. “पेनानं भरू दे. खाली सही घे, अन शिक्का.”

मी नवीन कार्डं बनवली नाहीत. संध्याकाळी फॉर्म मात्र सरांसमोर ठेवला आणि पेनही दिला. त्यांनी भराभर भरला. सदतिसाव्या प्रश्नाशी हात क्षणभरही अडखळला नाही. ‘नाही. कधीच नाही.’ सही केली. शिक्का मी मारला, अक्षरं सगळी उमटतील असा.

तपासणीला आल्या त्या मुंबईच्या रंजिता मॅडम. साधा कुडता, पाठीवर पिशवी, पिशवीत तीन-चार उपकरणं. त्यांचं बोलणं शुद्ध मराठी, पण बायकांना विचारायची प्रश्नावली युरोपातूनच मराठी होऊन आली होती. ती करणारं यंत्र असावं. मॅडम वाचताना स्वतःच लाजत होत्या.

“तुम्ही कमी-वेतन देशात राहता का?”

“नाई जी,” मैनाबाई म्हणाल्या. “आमी घाटंजीत राह्यतो.”

“तुम्हाला जिवंत वेतन मिळते का?”

मैनाबाईंनी शीलाकडे पाहिलं. शीलाने विचार केला. “भेटते तवा जिवंत असते,” ती म्हणाली. “पन धा तारखेपरेंतच जगते.”

रंजिता मॅडमनी हे उत्तर शब्दशः लिहून घेतलं. मला त्या तिथेच आवडल्या.

मग त्यांनी कार्डं मागितली. मी तीच दिली, बावीस-बावीसवाली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं मी बदललीत. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“हे खरं असूच शकत नाही,” रंजिता मॅडम म्हणाल्या.

“मलाही तसंच वाटलं होतं,” मी म्हणाले. “पण एकूण दोनशे चौसष्ट बंडलं गोदामात रोज पोचतात. गोदामाची नोंद वेगळा माणूस करतो. जुळवून बघा.”

त्यांनी जुळवलं. जुळलं. त्यामुळे त्या जास्तच गोंधळल्या. “मग असं करू,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकीनं एक बंडल माझ्यासमोर शिवायचं. एकटीनं. कोणी कोणाला हात लावायचा नाही.”

सरांनी खुर्ची पुढे ओढली. तीन महिने त्यांना हेच हवं होतं, आणि ते आता युरोपाच्या खर्चाने होणार होतं. त्यांनी खिशातून छोटी वही काढली.

तानाबाई खोकल्या. काहीच झालं नाही. सुई तुटली नाही, चक्कर आली नाही. रंजिता मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

पायलने वीस कॉलर पंधरा मिनिटांत संपवल्या. आता जांभई नव्हती. शीलाला वीस मिनिटं, तानाबाईंना बावीस. खांबामागे मथुराबाई वाकून, कापड नाकाशी धरून शिवत होत्या. अकराही जणींची मशीनं बंद झाल्यावर एकच मशीन ऐकू येत राहिलं, थांबत, परत चालू होत. सदतीस मिनिटं. सरांनी वहीत एक नाव लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

“म्हणजे तुमच्यात एवढा फरक आहे,” रंजिता मॅडम म्हणाल्या. “तरी कार्डं सारखी. का? वेगानं शिवणारी बाई आपली तिकिटं दुसरीला का देते? कसली भीती आहे का?”

सगळ्या बायकांनी एकाच वेळी इंद्रजित सरांकडे पाहिलं. रंजिता मॅडमनीही पाहिलं. मग त्यांनी सावकाश फॉर्म उघडला, आणि पान उलटत त्या नेमक्या सदतिसाव्या प्रश्नापाशी थांबल्या. ‘नाही. कधीच नाही.’ सही, शिक्का.

सरांच्या हातात वही होती. वहीत नाव होतं. नावाखाली रेघ होती. वही मिटायला माणसाला किती वेळ लागतो, हे मी तेव्हा मोजायला हवं होतं.

“भेव कायचं जी?” तानाबाई म्हणाल्या, अगदी भोळ्या आवाजात. “साहेबाईनंच सांगतलं नं, का ह्या लायनीची पात एकच धरा. कोनी समोर नाई, कोनी मांगं नाई. आमाले काय समजते? साहेब सांगतीन तसं करतो.”

सरांनी तानाबाईंकडे पाहिलं. एकीकडे खोट्या नोंदी होत्या, दुसरीकडे सदतिसावा प्रश्न, आणि मधे ही बाई दार उघडं धरून उभी होती. दारातून जायची किंमत फक्त एक वही होती.

“हो,” सर म्हणाले. “म्हणजे... ते आमचं धोरणच आहे. सामूहिक मोजणी.”

“लेखी आहे?”

“तयार होतंय. सुरभी करतेय.”

“झालंय,” मी म्हणाले, आणि पिशवीतून कागद काढला. काल घरी तीन ओळी टाइप केल्या होत्या: कॉलर विभागाचे काम एकत्र मोजले जाईल. वैयक्तिक तिकिटे बंद. कमी कामाच्या कारणाने कोणालाही कमी केले जाणार नाही.

सर वाचू लागले आणि माझ्या कानाशी वाकले. “तारीख गेल्या महिन्याची टाक.”

“नाही सर,” मी तेवढ्याच हळू म्हणाले. “खोटी तारीख मला टाकता येत नाही. नोंदी तपासायला आल्यात त्या.”

त्यांनी आजच्या तारखेखाली सही केली. शिक्का परत मीच मारला.

जाताना रंजिता मॅडमनी एक चौकोनी उपकरण काढलं आणि प्रत्येक मशीनवर धरलं. प्रकाश मोजण्याचं. पायलच्या मशीनवर सातशे ऐंशी लक्स. मथुराबाईंच्या मशीनवर दोनशे साठ. खांबामागची दिव्याची नळी केव्हाची गेलेली होती, आणि दिवा मोजायचं इतक्या दिवसांत मला सुचलं नव्हतं. मी बारा बायका मोजल्या, एक नळी मोजली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून आकडा दोनदा वाचला.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. आमच्या कारखान्याचं ‘अनुकरणीय कार्यपद्धती’ म्हणून कौतुक होतं. शर्टाला लटकवायचा नवा पुठ्ठ्याचा टॅगही सोबत होता: वर त्यांच्या भाषेत ‘एकत्र शिवलेला’ अशा अर्थाचं काहीतरी, आणि खाली मथुराबाईंचा फोटो, मशीनवर वाकलेल्या. तो रंजिता मॅडमनीच काढला असणार. या टॅगचा शर्ट तिकडे थोडा महाग विकायचं ठरलं होतं. मिनिटाचा दर होता तिथेच. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि दराची ओळ कुठे राहून गेलीय का, म्हणून पाकिटात बोट घालूनही पाहिलं.

टॅग लाइनीत फिरला.

“ह्या बाईले आता कोन काढते?” शीला म्हणाली. “युरोपात लटकून राह्यल्या.”

मथुराबाईंनी टॅग नव्या नळीखाली धरला. “कोन व हे म्हातारी?”

“तुमीच हाय.”

“मी इतकी वाकून शिवतो? हट.”

त्याच आठवड्यातली गोष्ट. आता कार्डं नव्हती, लाइनीच्या टोकाला एकच वही होती, आणि त्यात रोज संध्याकाळी मी एकूण आकडा लिहायचे: दोनशे चौसष्ट. त्या दिवशी मी मोजलं तर दोनशे पासष्ट भरली. परत मोजलं. दोनशे पासष्ट.

“एक जास्त आहे,” मी म्हणाले.

तानाबाई ताडकन उठल्या. “कोन केलं?”

सगळ्यांनी पायलकडे पाहिलं. पायलने दोन्ही हात वर केले. मग खांबामागून आवाज आला, जरा ओशाळलेला, पण फार नाही.

“दिवा चांगला हाय,” मथुराबाई म्हणाल्या. “हात चालला. मी म्हनलं, आज कोनीच माह्यं उचललं नाई, तं मीच शीलाचं एक उचललं. अन मंग ट्रेत अजून एक होतं...”

“मथुराबाई!” तानाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “इतक्या वर्षांनी पात निंघाली तुमची, तं बांध ओलांडून दुसऱ्याच्या वावरात घुसल्या! आज दोनशे पासष्ट दिसले तं उद्या तितकेच मांगतीन. परवा सत्तर. ठेवा ते पेटीत. उद्याच्याले धरू.”

मथुराबाईंनी बंडल आपल्या मशीनच्या पेटीत ठेवलं आणि पेटीवर हात ठेवून बसल्या. चेहरा असा, की त्यांना आणखी दोन-चार वेळा रागावलं तरी चालणार होतं.

मग बाराही जणी माझ्याकडे बघू लागल्या. तानाबाई खोकल्या.

मी वहीकडे पाहिलं. पेटीतल्या बंडलावर शिवण तपासणाऱ्या चेकरची खूण झालेली नव्हती. खूण नसलेलं बंडल नियमाने पूर्ण धरत नाहीत, आणि पूर्ण नसलेलं मोजत नाहीत. नियमाचा हा अर्थ मी याआधी कधी इतक्या काळजीने वाचला नव्हता.

मी दोनशे चौसष्ट लिहिलं.